तिसऱ्या रिळातली कोंबडी

माझी नात जागृती काय काम करते असं गावात कुणी विचारलं, की मी त्याला आधी बसायला सांगते. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते काम नाही. आमच्या केळव्यात कुणाची पोर शिक्षिका असली, नर्स असली, तारापूरच्या कारखान्यात केमिस्ट असली, तर एका शब्दात भागतं. शेजारची साखरबाई म्हणते, "तुझी जागू सिनेमात हाय, पण दिसत नाय." ते काही खोटं नाही.

मलाही पहिले काही महिने काही उमगलं नव्हतं. माझी शाळा तिसरीची. पण बघून बघून कळतं, आणि बघायला माझ्याकडे वेळ भरपूर.

सिनेमा एकदाच तयार होतो असं मला वाटायचं. तसं नसतं. शूटिंग झालं की एडिटर नावाचा माणूस ते कापतो, जोडतो, आणि त्याची एक प्रत आवाजवाल्यांकडे पाठवतो. आवाजवाले त्यावर पावलं, दारं, वारा, भांडी, कावळे बसवतात. शूटिंगच्या वेळचे आवाज बरेचसे टाकूनच देतात, हे ऐकून मी तर गारच पडले. चालणारी बाई एक, आणि तिची पावलं वाजवणारा बाप्या दुसराच, बंद खोलीत चपला घालून. बरं, सगळं बसवून होतं न होतं तोच एडिटरला सुचतं, इथले चार सेकंद काढू या. ते काढले की पुढचा सगळा सिनेमा चार सेकंद अलीकडे सरकतो आणि आवाज राहतात जुन्या जागी. दार लागतं आत्ता, धाडकन वाजतं मागाहून. मग जुन्या प्रतीत आणि नव्या प्रतीत काय काय बदललं ते हुडकायचं, टिपून ठेवायचं आणि एकूण एक आवाज उचलून नव्या जागी नेऊन ठेवायचा. हे जागृतीचं काम.

मी म्हटलं, "म्हंजे बसलेली पंगत उठवून दुसऱ्या मांडवात बसवायची."

"हो आजी," ती म्हणाली, "आणि ज्याचं उष्टं ताट त्याच्याच पुढे आलं पाहिजे. पाचशे माणसांचं."

लहानपणी या पोरीला आम्ही बहिरी समजत होतो. हाक मारली तरी मान वळवायची नाही. माझा मुलगा नामदेव तिला पालघरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, "कान उत्तम आहेत. पोर ऐकतेय, फक्त तुमचं ऐकत नाही." तेव्हा ती पाच वर्षांची. आमच्या वाडीत नारळ, सुपारी आणि पानवेल. तिथं ती पाटाच्या कडेला बसायची आणि बाप मागून आला तरी न बघता सांगायची, "पप्पा, तुमच्या एका चपलेचा अंगठा तुटतोय." दोन दिवसांनी तुटायचा.

कॉलेज पालघरला केलं. मग मुंबईत आवाजाचा कोर्स, आणि तिथंच एका स्टुडिओत चार वर्षं नोकरी. एका खोलीत सहा पोरी राहायच्या. पोर सुट्टीला आली की नुसती झोपायची. एकदा तिची आई पुष्पलता रागावली, "येतेस ती काय फक्त गादी बघायला?" तेव्हा म्हणाली, "आई, माझं काम ऐकायचं आहे आणि तिथं मला शांतपणाच नाही. कान सुजल्यासारखे वाटतात." शांतपणासाठी केळव्याला यायचं, हे ऐकून आम्ही सगळे हसलो. शनिवार-रविवार मुंबईची माणसं शांतता शोधत आमच्या किनाऱ्यावर येतात आणि येताना कपाटाएवढे स्पीकर घेऊन येतात. पण उरलेले पाच दिवस, खरं आहे, पान पडलं तरी ऐकू येतं.

तिच्या स्टुडिओतली आवाजवाल्यांची मोठी बाई म्हणजे हेतल मॅडम. तिला मी फोनवरच ओळखते. जागूनं तिच्याकडे घरून काम करायची परवानगी मागितली. मॅडम म्हणाली, "एक सिनेमा घरून कर. सगळी रिळं बरोबर आली तर पुढचं बघू. एक जरी चुकलं, तर परत इथे, या खुर्चीवर." आमच्या घरात त्या दिवसापासून देवाला जो नमस्कार व्हायचा, तो या सिनेमासाठीच व्हायचा.

तर मागच्या खोलीत, जिथं आम्ही पूर्वी पानं निवडायचो, तिथं तिनं दोन टीव्हीसारखे पडदे मांडले. खिडकीला माझी जुनी गोधडी टांगली, उजेड नको म्हणून. मी पाय मोकळे करायला म्हणून तिथं जाऊन बसायची आणि तासभर उठायची नाही.

काय काय युक्त्या असतात बघा. जुनी प्रत खाली ठेवायची आणि नवी तिच्यावर अंथरायची, आणि कॉम्प्युटरला सांगायचं, दोघींत फरक असेल तेवढाच दाखव. जिथं दोन्ही सारख्या, तिथं पडदा काळाकुट्ट. जिथं काही हललं असेल तिथं भुतासारखी माणसं उमटतात, अर्धी इकडे अर्धी तिकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रामराम म्हटलं. दुसरी युक्ती कानाची. एडिटरच्या प्रतीखाली कामचलाऊ आवाज असतो. नव्या प्रतीतला तो आवाज उलटा करून जुन्यावर ठेवायचा. दोन्ही सारखे असले तर एकमेकांना खाऊन टाकतात, काहीच ऐकू येत नाही.

"दोन आवाज मिळून गप्प?" मी विचारलं.

"अगदी गप्प."

"मग आपल्या साखरबाईला उलटी करून तिच्या सुनेवर ठेव."

पोर खुर्चीवरून पडायची बाकी होती.

सिनेमात डोंगराकडच्या एका घराची गोष्ट होती. त्यात रखमा नावाची बाई तांदूळ पाखडते. सहा सेकंदांचा तुकडा. त्याला मुंबईहून आवाज आला तो ऐकून मी म्हटलं, "हे काय, कुणी वर्तमानपत्र झटकतोय?" जागूनं मान डोलावली. मग मी आमचं सूप काढलं, तांदूळ घेतले, आणि पडद्यावरच्या रखमाच्या हाताबरोबर हात चालवत पाखडलं. दोनदा उडवायचं, एकदा झटकायचं. जागू माईक धरून. चाळीसेक वेळा केलं असेल, त्यातलं एक सिनेमात बसलं. खांदा आठवडाभर दुखला, पण त्या बाईचे हात मला पाठ झाले.

आता मुद्द्यावर येते. एडिटरची सातवी प्रत मंगळवारी आली. सिनेमाची पाच रिळं, म्हणजे पाच भाग, सगळी गुरुवारी पोचवायची, कारण शुक्रवारी मोठ्या थिएटरात सगळे आवाज एकत्र करायचं काम सुरू होणार होतं. तिथं एका तासाचीसुद्धा खोटी चालत नाही. प्रतीसोबत एडिटरची यादी होती, कुठे काय बदललं त्याची. तिसऱ्या रिळापुढे लिहिलं होतं, बदल नाही.

बुधवारी छान ऊन पडलं होतं. गोधडीला कुबट वास यायला लागला होता, म्हणून जागू अंघोळीला गेलेली बघून मी ती काढली, धुतली आणि दोरीवर टाकली. ती आली तर खोलीत लख्ख उजेड.

"आजी, गोधडी?"

"वाळतेय."

"अगं, मला काळं काळं दिसलं पाहिजे ना! या उजेडात काय दिसणार?"

"ऐकायचं काम कर तवर. दुपारपर्यंत सुकंल."

तिनं तिसरं रीळ कानानं तपासलं. आवाजावर आवाज ठेवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प. लांबी मोजली, एका चित्राचासुद्धा फरक नाही. एका सेकंदात चोवीस चित्रं असतात, त्यातल्या एकाचाही नाही. यादीतही काही नाही. "तीन बदललेलंच नाही," ती म्हणाली आणि चौथ्याकडे वळली. गोधडी सुकेपर्यंत चौथं सुरू झालं होतं. मागे जाऊन डोळ्यांनी बघायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून बोईसरला गेलो. आमच्याकडचं इंटरनेट एवढं ओझं उचलत नाही, अर्ध्यात बसतं. बोईसरला तिच्या मामाचा मुलगा रूपेश, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याच्याकडे जाड लाईन आहे. मला चष्म्याची काच बदलायची होती, म्हणून मीही मागे बसले. काच मिळायला दुपार झाली. मी दुकानात परत आले तेव्हा पहिली चार रिळं रवाना झाली होती, पाचवं जात होतं, आणि गेलेलं नीट उघडतंय का ते जागू एका मोठ्या पडद्यावर लावून बघत होती. दुकानाचे स्पीकर बिघडलेले. नुसतं चित्र. मोबाईल दुरुस्तीला देऊन एक कामगार बाकावर बसला होता, तो म्हणाला, "अम्मा, गूंगा पिक्चर है क्या?"

रखमा आली. सूप उचललं. मी नवीन चष्म्यातून बघत होते, आणि माझा हात आपोआप हलला. दोनदा उडवायचं, एकदा झटकायचं. रखमानं तीनदा उडवलं. आणि तिच्या मागून एक तांबडी कोंबडी टुकूटुकू चालत गेली.

"जागू, ही कोंबडी कुठून आली?"

"कुठली?"

"रखमाच्या मागून गेली ती."

जागू फोनमध्ये बघत होती. "आजी, तिथं कोंबडी नाहीये."

"नव्हती. आता हाय."

"तुझी काच नवीन आहे. आधी दिसली नसेल. तीन नंबर बदललंच नाही."

"पोरी, मी त्या बाईसमोर चाळीसदा सूप धरलंय. चष्मा खराब असेल, पण हाताला चष्मा लागत नाय. तिनं आज तीनदा उडवलं."

तो कामगारही म्हणाला, "मुर्गी तो मैंने भी देखी, दीदी."

जागूनं मागे नेलं. कोंबडी. मग लॅपटॉपवर जुनी प्रत काढली आणि शेजारी लावली. जुन्यात कोंबडी नाही, दोनदा उडवणं. नव्यात कोंबडी, तीनदा उडवणं. तिनं एक दुसऱ्यावर अंथरलं, तेव्हा सगळं रीळ काळं आणि मध्ये तेवढे सहा सेकंद चार हातांची रखमा.

मी तिला विचारलं, "मग आवाज कसे गप्प झाले?"

"आवाज जुनाच ठेवलाय एडिटरनं," ती हळू आवाजात म्हणाली. "वरचं चित्र बदललं. त्याच शॉटचं दुसऱ्यांदा केलेलं शूटिंग, दुसरा टेक, तो टाकला, मोजून तेवढाच. खालचा आवाज तसाच. आणि यादीत लिहायला विसरला."

ते मला लगेच समजलं. पानांची जुडी आम्ही मोजून बांधतो. एखादा वाडीवाला काय करायचा, वर-खाली कोवळी चांगली पानं लावायचा आणि मध्ये जून घुसवायचा. मोजलं तर आकडा बरोबर. म्हणून माझा सासरा जुडी मोजायचा नाही, उलगडायचा. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी मोजली. उलगडली नाही."

म्हणजे आता थिएटरात काय होणार, तर रखमा तीनदा उडवणार आणि माझं सूप दोनदा वाजून झटकणार, तेही हात वर असताना. आणि कोंबडी मुक्यानं जाणार.

रूपेश खुर्ची फिरवून म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? सुधार आणि त्याच नावानं परत पाठव. जुन्यावर बसेल. तुझ्या मॅडमला कळणार पण नाय."

जागूनं बाटलीतलं पाणी प्यायलं. मी तिच्याकडे बघत होते. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. सांगितलं तर 'एक जरी चुकलं' ते हेच. खुर्ची, सहा पोरींची खोली. नाही सांगितलं तर कदाचित काहीच नाही. मलाही वाटलं, खोटं कशाला लिहू, की गप बसावं पोरीनं. सहा सेकंद तर आहेत.

"एडिटरनं न सांगता त्याच नावानं वेगळं पाठवलं म्हणून तर हे झालं," ती रूपेशला म्हणाली. "त्यांनी सकाळीच जुनं उतरवून घेतलं असेल. मग कुणाकडे कुठलं, कुणालाच कळणार नाही." आणि तिनं फोन लावला. रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट, म्हणून स्पीकरवर टाकला.

"बोल," मॅडम म्हणाली.

"मॅडम, तीन नंबर चुकलंय. माझ्याकडून. एक शॉट बदललाय, आवाज जुना आहे. मी फक्त कानानं तपासलं, चित्र बघितलं नाही."



"का नाही बघितलं?" मॅडमनं विचारलं.

"राहून गेलं."

माझ्यानं राहवलं नाही. मी फोनपाशी तोंड नेलं. "बाई, गोधडी मी काढली. तिची चूक नाय."

"कौन बोल रहा है?"

"माझी आजी," जागू म्हणाली, आणि मला हातानं मागे सारलं. "मॅडम, गोधडी वाळल्यावर मला बघता आलं असतं. मी नाही बघितलं."

"कुठला शॉट?"

"पाखडण्याचा. मागून एक कोंबडी जाते."

"कोंबडी?" मॅडमचा आवाज चढला. "तीन नंबर आम्ही आज सकाळी इथं लावून बघितलं. चार जण होतो. कुणाला कोंबडी दिसली नाही!"

"आजीला दिसली."

मग मॅडम म्हणाली, "किती वेळ लागेल?"

"एक तास."

"नवीन नाव देऊन पाठव. जुनं मी आत्ता काढून टाकते. कोंबडीचा आवाज आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"माझ्याकडे पन्नास कोंबड्या आहेत. मी टाकते. आणि जागृती, उद्या नऊला इथे ये. बॅग घेऊन."

फोन बंद झाला. 'बॅग घेऊन' हे शब्द दुकानात तसेच राहिले. रूपेशनं शटर अर्धं ओढलं, गोंगाट कमी व्हावा म्हणून.

जागूनं कानाला हेडफोन लावले आणि कामाला बसली. माझ्या चाळीस पाखडण्यांतली एक तिला सापडली, जिथं मी चुकून तीनदा उडवलं होतं. तेव्हा तिनं "चुकलं आजी, परत" असं म्हटलं होतं, पण पोरगी काही टाकत नाही. ती तिनं आणून रखमाच्या हाताखाली ठेवली, इकडे केसभर, तिकडे केसभर. मला एक कान दिला ऐकायला. माझंच सूप, पण हात रखमाचा. असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी पुष्पलतानं बॅग भरायला घेतली आणि विचारलं, "किती दिवसांचे कपडे घालू?"

"माहीत नाही," जागू म्हणाली.

पुष्पलतानं मग सगळेच घातले. नामदेव अंगणात दोरखंडाची गाठ सोडत बसला होता, जी कुणी मारलीच नव्हती. सकाळी ती गेली.

पाच दिवस फोन आला तो 'जेवले', 'झोपते' एवढाच. मी गोधडीला हात लावला नाही.

बुधवारी दुपारी आली. आधी ताटावर बसली, बोंबलाचं कालवण आणि भात, दोनदा घेतला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत. शेवटी मीच म्हटलं, "काय झालं कोंबडीचं?"

"कापली."

"आँ?"

"थिएटरात डायरेक्टरनं बघितली. म्हणाला, ही कोंबडी कशाला, लक्ष तिकडे जातं. एडिटरला तिथंच फोन केला, तुकडा काढला. आठवी प्रत. पुढचं सगळं रीळ सहा सेकंद अलीकडे. थिएटरात अकरा माणसं बसलेली, सगळी माझ्याकडे बघायला लागली."

"मग?"

"वीस मिनिटांत सरकवलं. या वेळी डोळ्यांनी पण बघितलं आणि कानांनी पण."

म्हणजे माझं सूपही गेलं. मला जरा वाईट वाटलं, पण ते मी दाखवलं नाही.

"आणि मॅडम?" पुष्पलतानं विचारलं. हा खरा प्रश्न होता, तो तिच्या आईनं विचारला.

जागूनं हात धुतले, पुसले, आणि मग सांगितलं. मॅडमनं शेवटच्या दिवशी तिला बाजूला घेतलं. म्हणाली, चुकतात सगळेच. फोन करून सांगणारे कमी असतात. पुढचा सिनेमा दोन महिन्यांनी येतोय, तो घरून कर. पण प्रत्येक रीळ दोन्ही प्रकारे तपासलं असं लिहून द्यायचं, आणि दर सोमवारी स्टुडिओत येऊन झालेलं काम दाखवायचं.

"म्हणजे आठवड्यातले सहा दिवस इथं?" नामदेवनं विचारलं.

"सहा."

नामदेव उठला आणि वाडीकडे निघून गेला. त्याला खूप आनंद झाला की तो असाच न बोलता वाडीत जातो. पुष्पलता ताट उचलत म्हणाली, सोमवारी मिक्सर लावीन, आठवड्याचं वाटण एकदम करून ठेवीन. मी म्हटलं, मला तर सोमवारच पाहिजे होता. ही पोर कामाला बसली की घरात खोकायचंसुद्धा बाहेर जाऊन. आता सोमवारी साखरबाईला बोलावीन, दोघी मोठ्यानं बोलू.